मामा अमिनाचा मग

माझं नाव सुजाता. बुद्धाला खीर देणाऱ्या बाईचं नाव ते, आईनं मुद्दाम ठेवलं, आणि त्या नावाला मी काय केलं ते तुम्हाला सांगायचंय. मी पुण्याची म्हणते सगळ्यांना, पण मूळची दापोडीची. वडील मी चौथीत असताना गेले, मग आईनं धुण्याभांड्याची कामं धरली, चार घरं होती, त्यातलं एक मोठं, बंगलाच तो, तिथं सकाळचा चहा मिळायचा. शाळेला सुट्टी असली की मी पण जायचे तिच्या मागं मागं. तिथं आईचा कप वेगळा होता. मोरीच्या खिडकीत पालथा घातलेला असायचा, पांढरा, कडेला निळी रेघ, फुटका वगैरे नव्हता बरं का, कान शाबूत होता, चांगला होता कप, पण वेगळा. बाई वरून चहा ओतायच्या, आई उकिडवी बसून प्यायची, मग आपणच विसळायची आणि पुन्हा पालथा घालून खिडकीत ठेवायची. सतरा वर्षं. त्या बाई वाईट नव्हत्या, माझ्या वह्यापुस्तकांचं त्याच बघायच्या, दिवाळीला फ्रॉक द्यायच्या, पण तो कप कधी आत गेला नाही. मी एकदा विचारलं आईला, तुझा कप त्यांच्या कपात का नाही ठेवत गं, तर म्हणाली, चहा गरम मिळतो ना, मग झालं. घरी आल्यावर मात्र ती त्या दिवशी जेवली नाही.

तर अशा आईची मी लेक. हे आधी सांगितलं, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, बाईला माहीत नसेल. मला सगळं माहीत होतं.

बारावी झाले, बालवाडीचा कोर्स केला, लग्न झालं. आमचे मिस्टर डिप्लोमा झालेले, वेल्डिंग तपासायचं काम, त्यांना इथल्या एका शिपयार्डात नोकरी लागली आणि आम्ही देश सोडून इथं सेम्बावांगला आलो, लेक दीड वर्षाची होती. तिचं नाव रेवा. ते पण मुद्दाम ठेवलेलं, म्हणजे माझ्या आईनं जसं मुद्दाम ठेवलं त्याच्या उलट मुद्दाम, ज्यावरून कुणाला काही कळू नये असं. मला वाटलं, सुटले आता, इथं कोण विचारतंय. पण विचारणारे भेटलेच की, आपलीच मराठी माणसं. मरीन परेडला एकीच्या कॉन्डोत, महागड्या सोसायटीत, बायकांचं संक्रांतीचं जमलं होतं, मला पण बोलावणं आलं, गेले. एक म्हणाली, आडनाव काय तुमचं, तर मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि तिच्या साडीचं कौतुक करत बसले. दुसरी म्हणाली, तुम्ही व्हेज ना, आणि माझ्या तोंडून फटकन गेलं, हो, प्युअर व्हेज. काय गरज होती सांगा. मिस्टर परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, हसत होते, म्हणाले, मग रविवारच्या कोंबडीला काय सांगणार आता. पण एकदा बोलले ते बोलले. तेव्हापासून रविवारी कॉरिडॉरकडच्या खिडक्या लावून घ्यायचे आणि मग फोडणी टाकायचे. आपल्याच घरात चोरासारखं. वर मिस्टरांना ताकीद, जोरात बोलू नका, रस्सा वाढ म्हणून.

रेवा पहिलीत गेली त्या वर्षी शेजारच्या फ्लॅटमध्ये आफ्रिकेतल्या मोंबासाचं कुटुंब आलं. त्यातल्या बाईचा नवरा पण त्याच शिपयार्डात, आणि त्यांची अमिना आमच्या रेवाच्याच वर्गात. त्यांच्यात बाईला लेकराच्या नावानं हाक मारतात, मामा म्हणजे आई, अमिनाची आई म्हणून मामा अमिना, आमच्या दापोडीत नाही का, बाळूची आई, पप्पूची आई, तसंच. मी झाले मामा रेवा. उंच बाई, अंगावर मोठ्या मोठ्या फुलांचं कापड गुंडाळलेलं, इंग्रजी बोलायची, थोडं हिंदी सिनेमातलं. चहाला चाय म्हणायची, चपातीला चपातीच. दार कायम उघडं, जाळीच्या फाटकापाशी कुणी दिसलं की म्हणायची करिबू, म्हणजे या, आत या.

आली त्याच आठवड्यात माझ्या दारात उभी राहिली, हातात बिनकानाचं ॲल्युमिनियमचं पातेलं, फडक्यानं धरलेलं, वाफ निघतेय. पिलाऊ आणलाय म्हणाली, चिकन आणि भात, आमच्याकडं नवीन घरी आलं की शेजाऱ्याला देतात. माझ्या मनात काय आलं ते सांगते, खोटं कशाला बोलू. मनात आलं, काळी आहे, मुसलमान आहे, काय काय खात असतील, कशात शिजवलं असेल. शाळेत पोरी माझ्या डब्याबद्दल हेच म्हणायच्या, याच शब्दांत. फाटक न उघडता मी म्हणलं, सॉरी, आम्ही व्हेजिटेरियन. तिनं कपाळावर हात मारला, सॉरी सॉरी सॉरी, किती वेळा म्हणाली, आणि पातेलं परत घेऊन गेली. मिस्टर आतून म्हणाले, वास काय सुटला होता गं.

आठ दिवसांनी पुन्हा दारात. या वेळेस पातेलं कोरं, बुडाला दुकानाचा कागद चिकटलेला. आत नारळाच्या दुधातला राजमा आणि वर चपात्या. म्हणाली, हे भांडं फक्त तुमच्यासाठी घेतलं, यात मांस कधी शिजणार नाही, आणि झाकणाच्या मुठीला लाल दोरा बांधला होता तो दाखवला, घरच्यांनी चुकून दुसऱ्या कशाला घेऊ नये म्हणून. मी हसून घेतलं. फाटक लावलं, आणि काय सांगू तुम्हाला, सगळं कचऱ्याच्या चूटमध्ये टाकलं. सातव्या मजल्यावरून खाली गेलं ते, आवाज आला त्याचा. मग पातेलं घासलं, आणि रिकामं भांडं परत देत नाहीत म्हणून त्यात साखर घातली. ही रीत मात्र पाळली बघा. तिला इतकं आवडलं ते साखरेचं, म्हणाली, कसं होतं, म्हणलं, लई छान. पुढं पुढं टाकायचं बंद केलं, रेवा खायला लागली, मग मिस्टर, मग मी पण. चव होती तिच्या हाताला.

मी तेव्हा एका चाइल्डकेअरमध्ये मदतनीस होते, दोनला सुटायचे, आणि चारच्या सुमाराला मामा अमिना यायची चहाला. तिच्यासाठी मी एक मग ठेवला होता. सुपरमार्केटात कशावर तरी फुकट मिळालेला हिरवा मग. ती गेली की तो वेगळा विसळायचा, वेगळा काथ्या, आणि वॉशिंग मशीनच्या वरच्या खिडकीत पालथा घालायचा. तुम्ही माझ्याकडं असं बघू नका. मी स्वतःला सांगायचे, चाइल्डकेअरमध्ये नाही का प्रत्येक लेकराचा कप वेगळा, नावाची पट्टी लावलेली, ते स्वच्छतेचं असतं, तसंच हे. पण तिथं सगळ्यांचे कप एका फळीवर असतात. हे मला तेव्हाही कळत होतं.

मला डेंगी झाला मध्ये, पाच दिवस हॉस्पिटलात होते. रेवाला तिनं सांभाळलं, न्हाऊमाखू घातलं, वेणी घातली, मिस्टरांना दोन वेळचा डबा दिला, सगळा त्या लाल दोऱ्याच्या पातेल्यातला. मी घरी आले तर माझं अंथरूण घालून ठेवलेलं. पाय चेपले तिनं माझे. एवढं झालं, तरी तो मग खिडकीतच. मी रोज म्हणायचे, आज आत घेऊ, आज आत घेऊ. माणसाचं मन कसं असतं बघा, पाय चेपून घ्यायला हात चालतात.

आणि मग तो दिवस. पोरी चौथीत होत्या तेव्हा. मामा अमिनाचा चहा पिऊन झाला होता, आम्ही शाळेच्या परीक्षेचं बोलत होतो, अमिना खेळून आली, तहान लागलेली, तिनं फळीवरचा निळा ग्लास घ्यायला हात वर केला, तर आमची रेवा म्हणते, कॅनॉट लाह, दॅट वन अवर्स, तुम्हा लोकांचा तो मग, मम्मी तो वेगळा धुते. इतक्या सहज बोलली, पोरगी खेळाचे नियम सांगते ना तसं. कुणी शिकवलं नव्हतं तिला, नुसतं बघून बघून शिकली. मी जशी आईच्या मागं उभी राहून बघायचे तसं हिनं माझ्या मागं उभं राहून बघितलं.

मामा अमिनानं मगाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी काहीही म्हणू शकले असते. मी म्हणलं, मुलं काय काहीही बोलतात. ती उठली, सिंकपाशी गेली, तो मग स्वतः विसळला आणि रेवाला विचारलं, कुठं ठेवायचा, बेटा. रेवानं खिडकी दाखवली. तिनं तो पालथा घातला, नीट, आवाज न करता, अमिनाचा हात धरला आणि गेली. ती खिडकीपाशी पाठमोरी उभी होती ना, तेव्हा मला माझी आई दिसली. तशीच मान. मी तिथंच खाली बसले. रेवा विचारत होती, मम्मी, व्हॉट हॅपन्ड, आणि मी लाजेनं मेल्यासारखी झाले.

शेजारचं दार बंद झालं. तीन वर्षांत बंद बघितलं नव्हतं. लिफ्टमध्ये भेटली तर मान हलवायची, बास. चार दिवस मी जेवले नाही धड, मग दापोडीला फोन लावला आणि आईला सगळं सांगितलं, मगाचं, चूटचं, व्हेजचं, काही ठेवलं नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, नाव काढलंस गं आईचं. मी रडायला लागले तर म्हणाली, रडू नको, रडायचं तिनं, तू कशाला रडतेस. मी सतरा वर्षं विसळला तो कप, म्हणलं माझी पोर शिकंल, मग हे बंद होईल. शिकली पोर. मी विचारलं, आई, मी काय करू, काही करून घेऊन जाऊ का तिच्याकडं, खीर, पुरणपोळी. तर म्हणाली, देऊ नको. देणं सोपं असतं, ती बाई पण मला फ्रॉक द्यायची तुझा. तिच्या दारात जाऊन मागून खा.

मग मी गेले. तिचं लाल दोऱ्याचं पातेलं माझ्याकडं राहिलं होतं, ते रिकामंच घेऊन गेले, आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या दारात रिकामं भांडं नेलं. तिनं फाटक उघडलं, पण करिबू म्हणाली नाही. मी म्हणलं, मामा अमिना, मी चुकले, मला तुझा पिलाऊ शिकव, चिकनचा, मला तुझ्या घरी खायचाय. तिनं माझ्या हातातलं पातेलं घेतलं. म्हणाली, शनिवारी ये, बाजारातून हलाल चिकन आण, हाडासकट.

शनिवारी तिच्या ओट्यापाशी उभी राहिले तर पहिलं हेच विचारलं, तुमचं लाल दोऱ्याचं भांडं काढू का. मी म्हणलं, नको, आम्ही चिकन खातो, पहिल्यापासून खातो, मी खोटं बोलले होते. म्हणाली, माहितीये, रविवारी तुमच्या खिडकीतून वास येतो, लावलेल्या खिडकीतून पण येतो, नाक आहे मला. मला वाटलं नवरा खात असेल, तू खात नसशील, म्हणून तुझ्यासाठी ठेवलं वेगळं. म्हणजे माझ्या खोट्याला तिनंच शहाणपणाचं कारण शोधून दिलं होतं.

पिलाऊ सोपा आहे हो, लिहून घ्या. चार कांदे उभे पातळ चिरायचे आणि तेलात परतायचे, आपण गुलाबी झाला की थांबतो, तिथं थांबायचं नाही, चांगला काळपट तपकिरी होऊ द्यायचा, भाताचा रंग त्यातूनच येतो. मी घाई करायला लागले तर म्हणाली, पोले पोले, दमानं. मग आलं-लसूण ठेचून, जिरं भरपूर, मिरी, लवंग, वेलची, दालचिनी भाजून कुटलेली, चिकन, बटाट्याच्या मोठ्या फोडी. माझा हात सवयीनं हळदीच्या डब्याकडं गेला, तिनं मनगट धरलं, हळद नाही. मग पाणी, उकळी आली की धुतलेला तांदूळ, मीठ, आणि झाकण. तिकडं झाकणावर निखारे ठेवतात, इथं तवा खाली ठेवून गॅस बारीक करायचा.

कांदा परतताना ती बोलली ते सांगायचं राहिलं. मुद्दामच राहिलं असंल. माझ्याकडं न बघता, पळी हलवत म्हणाली, चिकनचं मला माहीत होतं, मगाचं नव्हतं. मी माझ्या बहिणीला फोनवर सांगितलं होतं मोंबासाला, म्हणलं इथं मला एक मैत्रीण मिळालीये, तिच्या घरी माझा स्वतःचा मग आहे, दुसऱ्या कुणाला ती त्यात पिऊ देत नाही. एवढंच म्हणाली. आवाज पण चढवला नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि कांदा तर केव्हाच तपकिरी झाला होता, त्याचं पण निमित्त नव्हतं मला.

जेवायला जमिनीवर चटई, मध्ये एकच मोठं ताट, त्यात भात, वर चिकन, बाजूला कांदा-टोमॅटोची कचुंबरी लिंबू पिळून, आणि प्रत्येकाला एक केळं, भाताबरोबर केळं खातात ते. सगळ्यांनी एकाच ताटात हात घालायचा, ज्यानं त्यानं आपल्या बाजूचं खायचं. रेवा बसली पण आणि खायला पण लागली. माझा हात ताटाच्या कडेला थांबला. इतकं सगळं होऊन, आईचे बोल ऐकून, थांबला. क्षणभरच, पण तिनं बघितलं. मग तिनं मांडीचा एक तुकडा हाडापासून सोडवला, माझ्या बाजूला ठेवला आणि म्हणाली, करिबू. मी खाल्लं. माझ्या आयुष्यात एवढा चांगला भात मी खाल्ला नाही आणि एवढा जड पण गेला नाही कुठला घास.

तुम्हाला वाटेल, मग सगळं ठीक झालं. झालं बऱ्यापैकी. दार उघडं राहायला लागलं, पोरी तर दुसऱ्या दिवशीच विसरल्या. पण माझ्या घरी तिनं पुन्हा चहा घेतला नाही. मी तिला आमच्या निळ्या ग्लासात द्यायला तयार होते, नव्या कपात द्यायला तयार होते. ती म्हणायची, आत्ताच झाला, नाहीतर पोट भरलंय. हसून म्हणायची. मी आग्रह करत नव्हते, मला काय हक्क. दोन वर्षांनी शिपयार्डातलं काम कमी झालं, तिच्या नवऱ्याची नोकरी गेली, आणि ते मोंबासाला परत गेले. जायच्या आदल्या दिवशी ते लाल दोऱ्याचं पातेलं माझ्या हातात दिलं, म्हणाली, यात मांस शिजलं नाही कधी, आता शिजव.

शिजवते मी. दर रविवारी, खिडक्या सताड उघड्या टाकून. एकदा त्या मरीन परेडच्या बायकांकडं ते पातेलं भरून नेलं, म्हणलं, हा मोंबासाचा पिलाऊ, मला माझ्या शेजारणीनं शिकवला, आणि माझं आडनाव कांबळे, त्या वेळेस सांगायचं राहून गेलं होतं. दोघींनी वाढून घेतला नाही. बाकीच्यांनी मागून घेतला दुसऱ्यांदा. पण हे काही मोठं केलं असं लिहू नका, सगळं उशिराचं शहाणपण. रेवाला बसवून दापोडीच्या कपाचं सांगितलं, पहिल्यापासून. ती ऐकून म्हणाली, मग तू का केलंस, मम्मी. 

आईचं मात्र वय झालं, तिला फोनवर ऐकू येत नाही नीट, तरी दर वेळी विचारते, ती आफ्रिकेची बाई कशी आहे. बरी आहे म्हणते मी. परवाच फोन आला होता मामा अमिनाचा. अजून मामा रेवाच म्हणते मला. हळद घालत नाहीस ना, म्हणाली. नाही म्हणलं. मग म्हणाली, तो मग आहे का अजून. म्हणलं, आहे. कोण पितं त्यात. म्हणलं, मी पिते, माझा चहा मी त्यातच घेते, विसळते आणि खिडकीत पालथा घालते. तिच्या मागं कुणीतरी भांडी घासत होतं त्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, आत ठेव तो, मामा रेवा, सगळ्यांच्यात ठेव.

सुखात राहो ती, तिची लेकरं सुखात राहोत. ठेवीन मी आत. बघा, तुम्ही बसलाय तिथून दिसतो, वॉशिंग मशीनच्या वर, हिरवा. रोज चहा झाला की विसळून हातात घेते, फळीपर्यंत नेते, आणि पुन्हा तिथंच पालथा घालते.